दीड वाजताची प्रार्थना

मला खोटं बोलता येत नाही, असा माझा साठ वर्षं समज होता. साहेबाला भर मीटिंगमध्ये 'हे डिझाइन बोगस आहे' म्हणणारा माणूस मी. गाड्यांचे ब्रेक तपासण्यात नोकरीची सगळी वर्षं गेली, तिथे थापा चालत नाहीत, माणसं मरतात. बायको म्हणायची, "तुमच्या जिभेला हाड म्हणून नाही." ती गेली त्याला सात वर्षं झाली. ती असती तर पुढचं काही घडलंच नसतं. तिनं माझ्या हातातला कागद हिसकावून घेतला असता आणि स्वतः वाचला असता.

आम्ही मराठी ख्रिस्ती, मूळचे नगर जिल्ह्यातले. इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये, महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो की नवीन आलेला एखादा हमखास विचारतो, "काका, तुम्ही ख्रिश्चन? मग मराठी इतकं चांगलं कसं?" पहिली दहा वर्षं मी नीट समजावून सांगायचो. आता म्हणतो, "क्लास लावला होता."

आमची मराठी मंडळी, म्हणजे आमचं चर्च, रविवारी दुपारी दीड वाजता भरते. जागा आमची नाही. एका अमेरिकन चर्चच्या तळघरातला हॉल आहे. वरची त्यांची इंग्रजी उपासना आटोपली, कॉफी पिऊन लोक पांगले की आम्ही घडीच्या खुर्च्या मांडतो. चाळीसेक डोकी, बहुतेक पिकलेली. आमची मुलं एक तर वरच्या उपासनेला जातात, नाही तर कुठेच जात नाहीत. मी मंडळीचा सेक्रेटरी. सूचना वाचायच्या, प्रार्थनेचे विषय सांगायचे, कोणाचं पत्र आलं असेल तर ते वाचून दाखवायचं, ही माझी कामं.

मला एकच मुलगी. शाळेत शिकवायची, चांगलं चाललं होतं. आई गेल्यावर दोन वर्षांनी, एकोणतिसाव्या वर्षी, नोकरी सोडून ती एका मिशन संस्थेतर्फे जर्मनीला निघाली. पूर्वेकडच्या एका लहान गावात, जिथे चर्च केवढं तरी मोठं आणि आत माणूस नाही. मला काय वाटलं म्हणून सांगू! माझ्या आजीला अक्षर ओळखायला शिकवलं ते युरोपातून आलेल्या एका मडमेनं. ती मडम आमच्याच गावात तापानं गेली, तिची कबर मी लहानपणी झाडलेली आहे. आणि आता त्या आजीची पणती तिकडे प्रभूचं नाव सांगायला निघाली होती. माझा नागपूरचा मित्र म्हणाला, "ही तर उलटी गंगा झाली की बे!" मी त्याला दोन वेळा चहा पाजला, इतका खूश झालो.

मंडळीत मात्र कुजबुज झाली. एकुलती एक पोर, लग्नाचं वय, आणि हा बाप तिला एकटीला पाठवतोय. एक जण तर तोंडावर म्हणाला, "तिकडचे लोक देवाला कधीच विसरलेत, ही एकटी काय करणार?" माझं डोकं सटकलं. भर हॉलमध्ये म्हणालो, "बघाल तुम्ही, काय करून दाखवते ती." हे वाक्य मला नडलं.

मुलगी दर महिन्याला दोन पत्रं लिहायची. एक संस्थेला, छान फोटोबिटो लावलेलं, ते शंभर ठिकाणी जायचं. दुसरं फक्त आमच्या मंडळीला, माझ्या ईमेलवर. ते इंग्रजीत असायचं, कारण तिचं मराठी बोलण्यापुरतं. वर लिहायची, 'पप्पा, याचं नीट मराठी करून वाचा. मावशींना कळलं पाहिजे.' मावशी म्हणजे आमच्या मंडळीतल्या एक निवृत्त नर्स, आता ऐंशीच्या पुढच्या, वॉकर घेऊन चालतात आणि अजूनही सगळ्यांना दम देतात. माझ्या मुलीला मराठी गीतं त्यांनीच शिकवली. संस्थेच्या पत्रात ती बरं बरं लिहायची. आम्हाला खरं लिहायची, कारण आम्ही तिची माणसं होतो.

पहिल्या इस्टरनंतरचं पत्र मला आठवतं. लिहिलं होतं, सात जण आले, मला धरून. मोठ्या चर्चचं हीटिंग परवडत नाही म्हणून बाजूच्या खोलीत उपासना झाली. उपासना घेणारे पाळक सात गावं सांभाळतात, ते आलेच नाहीत, मीच बायबलमधलं वचन वाचलं. इथले लोक वाईट नाहीत. विरोधही करत नाहीत. दारात आलेल्या सेल्समनला आपण हसून 'नको' म्हणतो तसं म्हणतात. त्यांनी देवाला नाकारलं असतं तर बोलता तरी आलं असतं, पण त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून घरात कोणी ते नावच काढलेलं नाही.

मी तो कागद घेऊन उभा राहिलो. माझ्या आधी एक काकू साक्ष देऊन, म्हणजे देवानं काय दिलं ते सगळ्यांना सांगून, बसल्या होत्या, मुलाला मोठी नोकरी लागल्याची. सगळे त्यांच्याकडे बघून माना डोलावत होते. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "इस्टरला तिथे चर्च भरलं होतं."

मागून कोणीतरी म्हणालं, "हालेलुया!"

खरं सांगतो, मला त्या हालेलुयाची चटक लागली. त्यात कुणाचं काय जातंय, असं मी स्वतःला सांगितलं. पोरगी तिकडे मरमर राबते आहे, तिचं चार लोकांत कौतुक झालं तर बिघडलं कुठे? पुढच्या महिन्यात थोडं आणखी घातलं. एक खोटं लपवायला दहा बोलावी लागतात म्हणतात, पण मला लपवायचं काही नव्हतंच सुरुवातीला. मला नुसतं मिरवायचं होतं.

मग त्या आजी आल्या. मुलगी दर गुरुवारी सूप करायची आणि ज्याला यायचं त्यानं यावं म्हणून चर्चच्या दाराला पाटी लावायची. एक म्हाताऱ्या बाई नेमानं यायच्या. पहिल्याच महिन्यात त्यांनी सांगून टाकलं, "पोरी, मी तुझ्या सूपसाठी येते, तुझ्या देवासाठी नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस." मुलीनं लिहिलं, माझा फार जीव आहे त्यांच्यावर, घरी बोलावून मला विणायला शिकवतात. मी मराठीत वाचलं, "एका आजींनी प्रभूला स्वीकारलं."

आता स्वीकारलं म्हटल्यावर लोक विचारणारच, बाप्तिस्मा कधी? चार महिने मी टाळलं. नोव्हेंबरमध्ये देऊन टाकला बाप्तिस्मा. पुढच्या रविवारी मावशींनी पेढे करून आणले, मिल्क पावडरचे, मायक्रोवेव्हमधले. सगळ्या हॉलला वाटले. मीही खाल्ला. कसा गिळला, देवाला ठाऊक.

जानेवारीत जे पत्र आलं ते मला आज तोंडपाठ आहे. त्याचं मराठी मी नंतर इतक्या वेळा केलंय की मूळ इंग्रजी शब्द आता आठवत नाहीत.

'मावशी, काका, काकू, सगळ्यांना सलाम. सूपवाल्या आजी गेल्या. त्यांना मातीला द्यायला मी होते आणि त्यांचा पुतण्या. प्रार्थना म्हणायची नाही असं त्यांनी लिहून ठेवलं होतं, म्हणून कोणी म्हटली नाही. घरी येऊन मी तीन दिवस अंथरुणातून उठले नाही. मला प्रार्थना करता येत नाहीये. शब्द येतात, पण पलीकडे कोणी ऐकतंय असं वाटत नाही. लहानपणी मावशींनी शिकवलं होतं की आपल्याला जमत नसेल तेव्हा आपली मंडळी आपल्यासाठी करते. तर आता तुम्ही करा. तिथे रविवारी दीड वाजता तुम्ही बसता तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. मी त्या वेळेला चर्चमध्ये जाऊन बसेन. मी काही म्हणणार नाही, नुसती बसेन. तुम्ही म्हणा.'

मी हे पत्र हातात धरून किचनमध्ये उभा होतो. बापाचं काळीज फाटायला पाहिजे होतं. फाटलंही. पण लगेच मनात काय आलं? ज्या बाईचे आपण पेढे खाल्ले ती बाप्तिस्म्याशिवाय मेली, हे आता सांगायचं कसं? आपली लक्तरं आपणच वेशीवर टांगायची? 'बघाल तुम्ही' म्हणणारा बाप तोंडावर आपटणार होता. लाज वाटली हो मला. मुलीची नाही, स्वतःची. पण त्या लाजेपुढे मुलगी मागे पडली, ते काय कमी आहे?

रविवारी मी वाचलं, "तिकडे खूप बर्फ पडलाय. काम जोरात चाललंय. पोरीनं सगळ्यांना सलाम सांगितलाय."

संध्याकाळी तिचा फोन आला. "वाचलंत, पप्पा?"

"वाचलं."

"मग काय म्हणाले सगळे?"

"म्हणणार काय! सगळ्यांनी गुडघे टेकले. मावशी तर रडल्या."

 "थँक यू, पप्पा," ती म्हणाली. 

मी घरी एकटा तिच्यासाठी प्रार्थना करत होतो, हे मात्र खरं. रोज करत होतो. मला वाटायचं, बाप करतोय ना, चाळीस काय आणि एक काय, देव डोकी थोडीच मोजतो? पण तिनं बापाला नव्हतं मागितलं. तिनं मंडळीला मागितलं होतं.

सुरुवातीला दर रविवारी ती विचारायची, केली का? मी म्हणायचो, केली. मग विचारायचं बंद झालं. मला वाटलं, चला, पोर सावरली. मावशी तिला रोज सकाळी व्हॉट्सॲपवर गुलाबाच्या चित्रावर छापलेलं वचन फॉरवर्ड करायच्या. त्यांना टाइप करता येत नाही, तेच वचन त्यांच्या फोनमधल्या सगळ्यांना जायचं. मुलीला वाटायचं, ते पत्राचं उत्तर आहे. हे मला नंतर कळलं.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये ती परत आली. मुदत संपली, पुन्हा जाणार नाही, एवढंच सांगितलं. वाळली होती. एअरपोर्टवर मी मिठी मारली तर हाडं लागली हाताला. मी म्हटलं, जेवण बरोबर नसेल मिळालं. माणसाला जे बघायचं नसतं ते तो जेवणावर ढकलतो.

मंडळीनं तिच्यासाठी प्रीतिभोजन ठेवलं. उपासनेनंतर सगळ्यांनी मिळून जेवायचं, ही आमची जुनी रीत. चिकनचा रस्सा, पुऱ्या, श्रीखंड. ती प्रत्येकाजवळ जाऊन हात धरून 'थँक यू, काका', 'थँक यू, काकू' म्हणत होती, आणि लोक कौतुकानं 'अगं, आमचे कसले आभार' म्हणत होते. मी पुऱ्यांच्या टेबलाजवळ उभा राहून घाम पुसत होतो. तेवढ्यात मावशींनी तिला आपल्या शेजारी बसवलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "काय गं, त्या तुझ्या आजी कशा आहेत? बाप्तिस्मा घेतला ना त्यांनी? आम्ही पेढे वाटले हो इथे!"

मुलीनं मावशींकडे पाहिलं, मग मान वळवून माझ्याकडे. तिला कळायला किती वेळ लागला असेल? दोन सेकंद. माझी मुलगी हुशार आहे.

मग ती मावशींचा हात थोपटत म्हणाली, "बऱ्या आहेत, मावशी. तुम्हाला सलाम सांगितलाय."

माझी लाज राखायला तिनं मेलेल्या बाईला जिवंत केलं. जी पोर दोन वर्षं खरं लिहीत होती, तिला मी खोटं बोलायला लावलं, आणि तेही मंडळीत, ताटावर बसून.

पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "सुरू करू नका, पप्पा." मी किल्ली हातात धरून बसलो. "जानेवारीचं पत्र वाचलं होतंत का?"

"नाही."

"त्यानंतरचं एकही?"

"थोडं थोडं... म्हणजे तसं नाही गं..."

"प्रार्थना केली नाही कोणी."

"मी करत होतो, बेटा. आईशपथ, रोज."

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती समोरच्या काचेकडे बघत, मराठी-इंग्रजी मिसळून, अगदी हळू बोलत होती. म्हणाली, "मी दीड वर्ष बसले, पप्पा. एव्हरी संडे. कोट घालून, ग्लोव्हज घालून, त्या थंड बाकावर. साडेसात ते साडेआठ. मला वाटायचं, आत्ता मावशी म्हणत असतील, आत्ता काकू. मी वाट बघायचे की काहीतरी जाणवेल. काहीच नाही जाणवलं. मग मी ठरवलं, चाळीस माणसं, इतकी चांगली माणसं, इतकी वर्षं देवावर विश्वास ठेवणारी, ती एका मुलीसाठी मागताहेत आणि तरी तो गप्प बसतो, तर तो नाहीच. मी त्याला एक वर्ष दिलं. मग आणखी सहा महिने दिले. मग सोडून दिलं."

मी मूर्ख माणूस. मला त्यातही आशा दिसली. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "अगं, मग आता कळलं ना! त्याची चूक नव्हतीच. कोणी मागितलंच नव्हतं त्याच्याकडे. चूक माझी होती. मला काय म्हणायचं ते म्हण, पण त्याला सोडू नकोस!"

तिनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या नजरेत, दया होती. म्हणाली, "असं मागे नाही जाता येत, पप्पा. मला आता दोन्ही दिसतं. तो रिकामा बाक पण, आणि तुम्ही पण." मग म्हणाली, "चला घरी."

महिन्याभरानं तिनं पार पश्चिम किनाऱ्यावर, सांता क्लाराला नोकरी धरली, मुलांच्या पुस्तकांच्या एका कंपनीत. चर्चला जात नाही. रविवारी फोन करते, तब्येत विचारते, गोळ्या घेतल्या का विचारते. माझ्याशी अजिबात तुटक वागत नाही, आणि तेच मला सहन होत नाही. एकदा तरी तोंड भरून शिव्या द्याव्यात तिनं.

या वर्षी लेंटच्या, म्हणजे इस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, पहिल्या रविवारी मी ते पत्र छापून घेतलं आणि मंडळीसमोर उभा राहिलो. आधी काय काय खोटं वाचलं ते सांगितलं. मग जानेवारीचं पत्र वाचलं, जसंच्या तसं. पाळकसाहेबांनी मागे खुर्ची सरकवली, पण मी बसलो नाही. वाचून झाल्यावर मावशी उठल्या, वॉकर टेकत माझ्यापर्यंत आल्या आणि माझ्या नाकासमोर बोट नाचवत म्हणाल्या, "तुला काय वाटलं रे, आम्ही नुसते पेढे खाणारे? सुखाचंच ऐकायला येतो का आम्ही इथं? माझी पोर तिकडे गारठली आणि मला मेलीला तू बर्फाच्या गमती सांगत होतास?"

मग त्यांनी वॉकर बाजूला सारला आणि शेजारच्या दोघींना धरून, ऐंशी वर्षांचे गुडघे त्या फरशीवर टेकले. सगळेच टेकले. एकेकानं तिच्यासाठी मागितलं. कोणी ओरडून, कोणी पुटपुटत, आणि ज्यांनी 'एकटी काय करणार' म्हटलं होतं ते गृहस्थ तर हुंदके देत होते. तासभर चाललं. मी अशी प्रार्थना आमच्या मंडळीत आयुष्यात पाहिलेली नाही. मला वाटलं, आता काहीतरी होईल. देवा, आता तरी!

बाहेर पडताच गाडीत बसून तिला फोन लावला. सगळं सांगितलं. मावशी काय बोलल्या, कसे गुडघे टेकले, कोण कोण रडलं. या वेळी एक अक्षर वाढवलं नाही, वाढवायची गरजच नव्हती.  मग तिनं विचारलं, "आज किती वाजता, पप्पा?"

"दीड ते अडीच. म्हणजे तुझ्याकडे साडेदहा ते साडेअकरा."

 ती आठवून बघत असावी. 

"मी तेव्हा घरीच होते," ती म्हणाली. "कपड्यांच्या घड्या करत होते. काही जाणवलं नाही, पप्पा. सॉरी. मावशींना माझं प्रेम सांगा."

पुढच्या रविवारी मी पोचलो तेव्हा मावशी दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. आत जाऊही दिलं नाही. "काय म्हणाली रे पोरगी?" त्यांनी विचारलं. आठ दिवस त्या याच उत्तरासाठी थांबल्या होत्या, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मागे आणखी दहा-बारा जण माझ्याकडे बघत उभे होते. एक शब्द इकडचा तिकडे केला असता तर सगळ्यांचे चेहरे फुलले असते.

मी म्हणालो, "मावशी, ती म्हणाली, काही जाणवलं नाही."